सप्लिमेंटचा डबा दवा नाही, मग आहे तरी काय?

औषधांच्या दुकानात, जिममध्ये, मोबाइल रिचार्जच्या टपरीवर आणि जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर लागणाऱ्या अत्तर-टोपीच्या स्टॉलवरसुद्धा आता एक वस्तू हमखास दिसते, ताकदीचा डबा. कुठे ती प्रोटीन पावडर असते, कुठे मल्टिव्हिटॅमिनची बाटली, कुठे केसांसाठी बायोटिन, तर कुठे मुलांसाठी अस्वलाच्या आकाराच्या रंगीत गमी. रमजान जवळ आला की मोबाइलवर जाहिराती सुरू होतात. रोज्यातली कमजोरी घालवा, सहेरीला एक आणि इफ्तारला एक. घरातली मोठी माणसं या सगळ्याला एकच नाव देतात, 'ताकद की दवा'. आणि त्याच डब्याच्या मागच्या बाजूला, भिंग लावून वाचावी अशी, बहुतेक इंग्रजीत एक ओळ छापलेली असते. तिचा अर्थ असा, 'औषधी वापरासाठी नाही'.

ही ओळ कंपनीने आपल्या मनाने लिहिलेली नाही, ती कायद्याने लिहायला लावली आहे. पैसे देणारा दवा म्हणून घेतो, विकणारा दवा म्हणून विकतो आणि कायदा म्हणतो, हे अन्न आहे. या तिघांच्या मधे जी फट आहे तिच्यात आपले पैसे जातात आणि कधी कधी तब्येतही. म्हणून हा कायदा काय आहे ते आम्ही इथे सोप्या भाषेत मांडत आहोत. आम्ही डॉक्टर नाही, मुफ्ती नाही, वकीलही नाही. शाळेत शिकवतो. पण डब्यावरचं वाचून समजावून सांगणं हे आमचंच काम आहे.

आपल्या देशात औषधांसाठी १९४० सालचा औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा आहे. युनानी आणि आयुर्वेदिक दवासुद्धा त्याच कायद्यात येतात, त्यांच्यासाठी त्यात वेगळा भाग आहे. खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी २००६ सालचा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा आहे आणि तो राबवणारी संस्था म्हणजे एफएसएसएआय. सप्लिमेंट या दुसऱ्या कायद्याच्या कलम २२ मध्ये बसतात. त्यांचे सविस्तर नियम २०१६ मध्ये निघाले, १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले आणि २०२२ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती आली.

फरक काय पडतो? खूप पडतो. नवं औषध बाजारात आणायचं तर ते गुण देतं हे आधी सिद्ध करावं लागतं. सप्लिमेंटचं तसं नाही. सरकारने याद्या दिल्या आहेत. कोणती जीवनसत्त्वं, कोणती खनिजं, कोणत्या वनस्पती वापरता येतील ते त्यात ठरवून दिलं आहे. यादीतला घटक वापरा, ठरलेल्या प्रमाणात वापरा, लायसन्स घ्या, लेबल लावा आणि विका. यादीबाहेरचं काही घालायचं असेल तरच आधी मंजुरी. शाळेच्या भाषेत सांगायचं तर औषधाला प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि सप्लिमेंट वर्गात येऊन बसतं, त्याची वही तपासली गेली तर नंतर तपासली जाते.

यात वाईटच आहे असं नाही. चिमूटभर जीवनसत्त्वासाठी प्रत्येक वेळी डॉक्टरची चिठ्ठी मागितली तर खेड्यातल्या माणसाने करायचं काय? अमेरिकेत हा वाद फार जुना आहे. तिथे १९९४ मध्ये कायदा झाला, त्यात लोकांना सप्लिमेंट सहज मिळावीत या बाजूला झुकतं माप दिलं गेलं. विक्रीआधी सरकारची मंजुरी नको, धोका दिसला तर सरकारने तो सिद्ध करून माल थांबवावा. इफेड्रा नावाची वनस्पती तिथे वजन कमी करण्यासाठी सर्रास विकली जात होती. माणसं दगावल्याच्या तक्रारी आल्या, तरी बंदी यायला २००४ साल उजाडलं. दुसऱ्या टोकाला ब्रिटनमध्ये झोपेसाठीची मेलाटोनिनची गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळते, अमेरिकेत तीच गोळी किराणा दुकानात मिळते. थोडक्यात, एकच गोळी एका देशात दवा असते आणि दुसऱ्या देशात खाऊ.

हे आपल्याला का कळायला हवं, तर आपल्या घरांत परदेशी बाटल्या भरपूर येतात. कोकणातल्या मोहल्ल्यांत तर दर सुट्टीला दुबई-कुवेतहून येणारा कुणीतरी बॅगेत दोन-चार आणतोच. स्वतःपुरती आणलेली बाटली ही ज्याची त्याची बाब. पण तीच बाटली आपल्याकडच्या दुकानात विकायला ठेवली असेल तर तिच्यावर भारतीय आयातदाराचं नाव, पत्ता आणि एफएसएसएआयचा लायसन्स नंबर हवाच. तो स्टिकर नसेल तर माल चोरवाटेने आलेला आहे किंवा नकली आहे.

आता दामाचं बघा. औषधांच्या किमतीवर सरकारचा लगाम असतो. अत्यावश्यक औषधांची कमाल किंमत सरकार ठरवतं आणि बाकीच्या औषधांची किंमतही कंपनीला वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. सप्लिमेंट अन्न ठरल्यामुळे हा लगाम त्यांना नाही. म्हणून दोनशेचा डबा दोन हजारांना विकला तरी किमतीसाठी कुणी विचारणार नाही, फक्त छापील एमआरपीपेक्षा जास्त घेतली नाही म्हणजे झालं. विकायला फार्मसिस्ट लागत नाही. नेटवर्क मार्केटिंगवाले आपल्या बहिणींना 'घरबसल्या बिझनेस' म्हणून हेच डबे देतात, ते यामुळेच.

शाळेतली निळी गोळी

इथे आम्हाला आमच्या शाळेतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सहावीपासून वरच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक अॅसिडची निळी गोळी देण्याची सरकारी योजना आहे. लहान वर्गांना गुलाबी गोळी. निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. फुकट मिळते. पण किती मुली ती खरंच गिळतात हे शिक्षकांना विचारा. गोळी ओढणीच्या टोकाला बांधली जाते, बाकाखाली पडते, खिडकीबाहेर जाते. कुणाला मळमळतं, ते समजू शकतो, रिकाम्या पोटी घेतली की मळमळतंच. पण जास्त मुली घरच्या बोलण्यामुळे टाकतात. यात काय घातलंय कुणास ठाऊक, सरकार फुकट का देतंय, डुकराचं तर नसेल?

आणि त्याच घरात फ्रिजवर नऊशे रुपयांचा डबा असतो. अशक्तपणासाठी म्हणून कुणीतरी गळ्यात मारलेला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे दोघींत एकीपेक्षा जास्त. यात सगळ्या समाजाच्या बायका आल्या. ज्या गोळीने रक्त वाढतं ती दवा आहे, तपासलेली आहे, फुकट आहे आणि तिच्यावर संशय. ज्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' छापलंय त्याच्यावर भरवसा. ही निळी गोळी कॅप्सूल नाही, कॅप्सूलचं कवच तिला नाही, एवढं तरी आयांनी ध्यानात घ्यावं. एक इशाराही देतो. घरात लोहाच्या गोळ्या असतील तर त्या लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. लहान मुलाने मूठभर गोळ्या खाल्ल्या तर ते विष ठरतं. डब्यावर 'मुलांपासून दूर ठेवा' लिहितात ते शोभेसाठी नाही.

तीच गोष्ट व्हिटॅमिन डीची. आपल्याकडे डॉक्टर ६०,००० युनिटची गोळी किंवा पुडी लिहून देतात, ती सहसा आठवड्यातून एकदा असते आणि ती औषध आहे. मोठ्या माणसाची रोजची शिफारस ६०० युनिटची. काही लोक 'जास्त घेतली तर लवकर बरं' म्हणून आठवड्याची गोळी रोज घेतात. डी आणि ए ही जीवनसत्त्वं पाण्यात विरघळून लघवीवाटे निघून जात नाहीत, ती शरीरात साठतात. डी फार साठलं की रक्तात कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडावर बेततं. २०१६ च्या नियमांनी सप्लिमेंटमधल्या जीवनसत्त्वांना आणि खनिजांना भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने शिफारस केलेल्या रोजच्या प्रमाणाची मर्यादा घातली, ती याच कारणाने. ताकद पोत्याने मिळत नाही.

कॅप्सूलचं कवच कशाचं?

आता आपल्या समाजात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. कॅप्सूल हलाल असते का?

कॅप्सूल दोन प्रकारची. एक दोन टोप्या एकमेकींत बसवलेली कडक कॅप्सूल, दुसरी तेल भरलेली मऊ, पारदर्शक. ओमेगा-३, कॉड लिव्हर ऑइल, व्हिटॅमिन ई या बहुधा दुसऱ्या प्रकारात येतात. दोन्हींचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं. जिलेटिन म्हणजे जनावराची हाडं आणि कातडी प्रक्रिया करून, उकळून काढलेलं प्रथिन. आपल्या देशात तयार होणारं जिलेटिन मुख्यतः गुरांच्या हाडांपासून बनतं. जगात इतरत्र डुकराच्या कातडीपासूनही मोठ्या प्रमाणावर बनतं, थोडं माशांपासून. म्हणजे माशाच्या तेलाच्या कॅप्सूलमध्ये तेल माशाचं आणि कवच भलत्याच प्राण्याचं असू शकतं. लोक तेलाची चौकशी करतात, कवचाची करत नाहीत.

डब्यावर काय कळतं? सप्लिमेंट अन्न असल्यामुळे त्यांच्यावर शाकाहारी-मांसाहारी चिन्ह सक्तीचं आहे. हिरव्या चौकोनात हिरवा गोळा म्हणजे शाकाहारी. मांसाहारीसाठी पूर्वी तपकिरी गोळा होता, २०२० च्या लेबल नियमांनी त्याच्या जागी तपकिरी त्रिकोण आणला, म्हणजे ज्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत त्यांनाही फरक कळावा. चांगली गोष्ट आहे. पण औषधांवर हे चिन्ह सक्तीचं नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये औषधे आणि सौंदर्यप्रसाधनांवरही अशी खूण हवी असं म्हटलं होतं, जीवरक्षक औषधं वगळून. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो आदेश रद्द केला. त्यामुळे कवच सारखंच असलं तरी सप्लिमेंटच्या बाटलीवर खूण मिळते आणि औषधाच्या पाकिटावर मिळेलच असं नाही.

हिरवा गोळा असेल तर मुसलमान ग्राहकाचा कवचाचा प्रश्न तिथेच सुटतो. शाकाहारी कवच वनस्पतीच्या सेल्युलोजपासून बनवतात. घटकांच्या यादीत 'एचपीएमसी' किंवा आयएनएस ४६४ दिसलं की ते तेच. गमीमध्ये जिलेटिनऐवजी पेक्टिन असेल तर आयएनएस ४४० लिहिलेलं असतं, ते फळांच्या सालींतून काढतात. गंमत अशी की जैन आणि शाकाहारी ग्राहकांनी लावून धरलेल्या मागणीचा फायदा आपल्यालाही होतो. शेजाऱ्याने दार ठोठावलं आणि आपल्यालाही वाट मिळाली.

अडचण त्रिकोणाची आहे. त्रिकोण सांगतो की प्राण्याचं काहीतरी आहे. कोणत्या प्राण्याचं, ते सांगत नाही. शाकाहारी माणसाला तेवढं पुरतं, तो डबा खाली ठेवतो. आपली गरज वेगळी आहे. मासा असेल तर हरकत नाही, गुरांचं असेल तर जबिहाचा प्रश्न येतो, डुकराचं असेल तर विषयच संपला. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने असं म्हटलं की खाद्यपदार्थातला प्रत्येक घटक नुसत्या कोड नंबराने नव्हे तर तो वनस्पतीचा, प्राण्याचा की प्रयोगशाळेतला हे सांगून जाहीर करावा, मग त्याचं प्रमाण कितीही कमी असो. काय खावं हे ठरवण्याचा हक्क माणसाच्या मूलभूत हक्कांशी जोडलेला आहे, असा त्यामागचा विचार. निकाल मोठा आहे, पण तोही 'प्राणी' या शब्दापाशीच थांबतो.

आणि इथे एक मजेशीर विसंगती आहे. लेबलच्या नियमांत चरबीबाबत स्पष्ट म्हटलं आहे की डुकराची किंवा बैल-गाईची चरबी वापरली असेल तर तसं नाव घेऊन लिहावं. नुसतं 'प्राणिजन्य चरबी' चालणार नाही. मग जिलेटिनला ही सूट का? ज्या जनावराची चरबी नाव घेऊन सांगावी लागते त्याच जनावराची हाडं आणि कातडी मात्र बिननावाने जाते. कंपनीला माहीत नसतं अशातला भाग नाही. जिलेटिन विकत घेताना कागदावर स्रोत असतो, आणि मुस्लिम देशांत माल पाठवताना तो व्यवस्थित लिहिलाही जातो.

फिकहच्या बाजूने बोलायचा अधिकार आम्हाला नाही. एवढं माहीत आहे की उलमांमध्ये यावर मतभेद आहेत. वस्तूचं रूप पूर्ण बदललं की हुकूमही बदलतो का, जिलेटिनमध्ये तो बदल खरोखर पूर्ण होतो का, यावर चर्चा होत आली आहे. पण आलिमांना प्रश्न विचारताना एक गोष्ट सोबत न्यावी असं वाटतं. लोक सरसकट 'दवा आहे, मजबुरी आहे' म्हणून विचारतात. डॉक्टरने आजारासाठी लिहून दिलेली, दुसरा पर्याय नसलेली कॅप्सूल वेगळी, आणि आपल्या हौसेने ऑनलाइन मागवलेला डबा वेगळा. दुसऱ्यावर कायद्यानेच 'औषधी वापरासाठी नाही' छापलंय. प्रश्न नीट मांडला तर उत्तरही नीट मिळेल. आणि डॉक्टरने लिहून दिलेली गोळी मनाने बंद करू नका. व्हिटॅमिन डीची पुडी मिळते, थेंब मिळतात, बऱ्याच गोष्टी कॅप्सूलऐवजी गोळीच्या रूपात मिळतात. डॉक्टरला फक्त एवढं म्हणा, 'साहेब, कॅप्सूल नको, दुसरं काही द्या.' बहुतेक डॉक्टर काही न बोलता बदलून देतात.

मग हलालचा शिक्का असलेलाच डबा घ्यावा का? मिळाला तर घ्या. पण यातही राजकारण घुसलं आहे. उत्तर प्रदेश सरकारने १८ नोव्हेंबर २०२३ रोजी आदेश काढून हलाल प्रमाणपत्र असलेल्या खाद्यपदार्थांचं उत्पादन, साठवण आणि विक्री यांवर बंदी घातली. सरकारचं म्हणणं असं की अन्नाचा दर्जा ठरवणं एफएसएसएआयचं काम आहे, समांतर व्यवस्था नको. निर्यातीसाठी मात्र सूट. म्हणजे तोच डबा त्याच शिक्क्यासह मलेशियाला जाऊ शकतो, लखनऊच्या दुकानात ठेवता येत नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. महाराष्ट्राला तो आदेश लागू नाही. आमचं मत विचाराल तर शिक्क्याचा इतका राग असलेल्यांनी आधी लेबलवर प्राण्याचं नाव लिहायला लावावं. नाव लिहिलेलं असलं की निम्म्या ग्राहकांना शिक्का शोधायची गरजच राहणार नाही.

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. हलालचा शिक्का कवच काय आहे ते सांगेल, आत भेसळ आहे की नाही ते तो सांगत नाही. 'इस्लामी', 'सुन्नत', 'हर्बल' असे शब्द छापून जे विकलं जातं त्याबाबत आपला समाज फार भोळा आहे. कलौंजीचा उल्लेख हदीसमध्ये आहे, त्यावर आमचा ईमान आहे. पण त्या नावावर बाटली विकणारा माणूस हदीस नाही. तो म्हणतो, शुगरची गोळी बंद करा, चाळीस दिवस हे तेल घ्या. कलौंजीने साखर थोडी उतरते असं काही अभ्यासांत दिसलंय, ते खरं असलं तरी डॉक्टरची गोळी सोडायचं ते कारण होत नाही. आणि गोळीसोबत घेत असाल तर डॉक्टरला सांगून घ्या, साखर गरजेपेक्षा खाली गेली तर तेही घातक. १९५४ सालच्या औषधे आणि जादूटोणा उपाय कायद्यात आजारांची यादीच दिली आहे. मधुमेह, कॅन्सर, लठ्ठपणा, उंची वाढवणं, मर्दानी ताकद हे सगळं त्यात आहे. यांतलं काही बरं करू अशी जाहिरात करणं हा गुन्हा आहे, मग जाहिरात कुठल्याही धर्माच्या नावाने केलेली असो. मोहल्ल्याच्या भिंती पाहिल्या तर हा कायदा झाल्याचं कुणाला माहीत नसावं असंच वाटतं.

'वजन वाढवा' पावडरीबद्दल तर जास्तच सावध राहा. लग्न ठरलेल्या मुलींना, बारीक मुलांना या दिल्या जातात. महिन्याभरात गाल भरतात, भूक वाढते, लोक म्हणतात वा! अशा सुट्या पावडरींत स्टिरॉइड आणि भूक वाढवणाऱ्या अॅलर्जीच्या गोळ्या कुटून घातल्याचे प्रकार सापडलेले आहेत. स्टिरॉइडने अंगात पाणी धरतं, म्हणून गाल भरल्यासारखे वाटतात. पुढे साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. सप्लिमेंटच्या नियमांनी हार्मोन, स्टिरॉइड आणि मनावर परिणाम करणारी द्रव्यं पूर्ण मना केली आहेत. वजन उतरवणाऱ्या 'हर्बल' कॅप्सूलमध्ये सिब्युट्रामिन नावाचं औषध सापडत आलंय, हृदयाला धोका म्हणून ते आपल्याकडे २०११ मध्ये बंद झालं. जे एका आठवड्यात असर दाखवतं ते जडीबुटी असण्यापेक्षा लपवलेलं औषध असण्याची शक्यता जास्त.

जिमवाल्या तरुणांसाठी दोन शब्द. केरळचे यकृततज्ज्ञ डॉ. सिरियॅक अॅबी फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासून २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जवळपास ७० टक्के डब्यांवरची प्रोटीनची माहिती चुकीची निघाली. हे होतं कसं? प्रयोगशाळेत प्रोटीन थेट मोजत नाहीत, बहुधा त्यातला नायट्रोजन मोजून हिशेब करतात. मग काही कंपन्या ग्लायसिन किंवा टॉरिनसारखी स्वस्त अमिनो आम्लं मिसळतात. नायट्रोजन वाढतो, कागदावर प्रोटीन वाढतं, पोरगा मात्र पैसे देऊन फसतो. त्याच पैशात अंडी, डाळ, शेंगदाणे, दही किती येईल याचा हिशेब आम्ही मुलांना फळ्यावर मांडून दाखवतो. पटतं, पण अंड्याचा फोटो इन्स्टाग्रामवर चांगला दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं!

डबा घेताना नजर कुठे टाकायची? पहिला एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर. पहिला आकडा १ असेल तर लायसन्स, २ असेल तर छोट्या व्यावसायिकाची साधी नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र १५, केंद्राचं लायसन्स असेल तर ००. हा नंबर एफएसएसएआयच्या 'फॉसकॉस' वेबसाइटवर टाकला की कंपनीचं नाव येतं, ते डब्यावरच्या नावाशी जुळवा. नववीचं मूलसुद्धा दोन मिनिटांत हे करतं, आम्ही वर्गात करून घेतलं आहे. मग 'हेल्थ सप्लिमेंट' किंवा 'न्यूट्रास्युटिकल' हा शब्द, रोज किती घ्यायचं ते प्रमाण आणि त्यापेक्षा जास्त घेऊ नये ही सूचना, चिन्ह, घटकांची यादी. युनानी माजून किंवा खमिरा असेल तर हा नंबर शोधू नका, तिथे राज्याच्या परवाना अधिकाऱ्याने दिलेला औषध उत्पादनाचा लायसन्स नंबर असतो. दोन्हींपैकी एकही नसेल तर डबा परत ठेवा, विकणारा कितीही जवळचा असो.

संशय आला तर कायद्याने ग्राहकाला एक मोठा अधिकार दिला आहे, जो फारसा कुणी वापरत नाही. अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ४०. कोणीही खरेदीदार फी भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून वस्तू तपासून घेऊ शकतो. अट एकच, विकत घेताना दुकानदाराला तसं सांगायचं. माल नियमांत बसत नाही असा अहवाल आला तर फी परत मिळते आणि पुढची कारवाई होते. फसव्या जाहिरातीसाठी याच कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. एकट्याला हे जड जाईल, पण जमातीच्या किंवा मोहल्ला कमिटीच्या नावाने चार जणांनी मिळून एक नमुना तपासायला दिला तर फी काही फार नाही. साध्या तक्रारीसाठी महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर १८००२२२३६५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बिल मात्र जपून ठेवा, बिल नसेल तर दुकानदार 'माझ्याकडून घेतलंच नाही' म्हणून मोकळा होतो.

सप्लिमेंट अन्नाच्या खात्यातून काढून औषधाच्या खात्यात टाकावीत का, ही चर्चाही दिल्लीत झालेली आहे. औषध केलं तर तपासणी कडक होईल, किमतीवर लगाम येईल. पण मग गावातल्या दुकानातून साधी व्हिटॅमिनची गोळीही उठेल, आणि आज डब्यावर जे हिरवं-तपकिरी चिन्ह मिळतं तेसुद्धा कदाचित जाईल, कारण औषधांना ते सक्तीचं नाही. आपल्या दृष्टीने हा घाट्याचा सौदा ठरू शकतो, याची जाणीव ठेवूनच या मागणीला पाठिंबा द्यावा.

त्यापेक्षा हातात असलेली गोष्ट लहान आणि सोपी आहे. एफएसएसएआय नियम बदलण्याआधी मसुदा प्रसिद्ध करतं आणि ठरावीक मुदतीत कोणाच्याही हरकती-सूचना मागवतं. यासाठी वकील लागत नाही, मोर्चा लागत नाही. पुढच्या वेळी लेबलच्या नियमांचा मसुदा आला की आपल्या संस्थांनी एका पानाचं पत्र पाठवावं, चरबीला जो नियम आहे तोच जिलेटिनलाही लावा, प्राण्याचं नाव लिहा. शेजारच्या शाकाहारी ग्राहक संघटनांना आणि गोमांस न खाणाऱ्या हिंदू बांधवांनाही हे पत्र दाखवावं. त्यांचाही सवाल हाच आहे, त्यांच्या सह्या सहज मिळतील. आणि मसुदा येईपर्यंत, डब्यावर ग्राहक सेवेचा जो ईमेल छापलेला असतो त्यावर एक ओळ टाकायला काय हरकत आहे, 'आपल्या कॅप्सूलचं जिलेटिन कोणत्या प्राण्याचं आहे, कृपया लेखी कळवा.' उत्तर आलं तर ते मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाका. नाही आलं, तर तेही टाका.